एक भागिले दोन

वीरप्पांना मुरुममध्ये तीन भाषा बोलायला माणसं होती. घरात आईशी कानडी, बाजारात मराठी, आणि निजामाच्या वेळचा एखादा म्हातारा मुनीम भेटला की उर्दू. चौथी भाषा त्यांना या तिन्हीपेक्षा चांगली यायची, पण ती ऐकणारं सबंध उस्मानाबाद जिल्ह्यात कोणी नव्हतं. खरं तर ती माणसाशी बोलायची भाषाच नव्हे, यंत्राशी बोलायची. यंत्रही नव्हतं.

वीरप्पा गेल्यावर लोक त्यांच्याबद्दल काहीबाही बोलतात. कोणी म्हणतं नकलाकार होते, कोणी म्हणतं हैदराबादहून डोकं बिघडवून आले होते. अशा लोकांना मी तोंडावर सांगतो, की तुम्हाला दोन घटका हसवलं त्या माणसानं, त्याची एवढी तरी चाड ठेवा. लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. वीरप्पांना तसं बसवलेलं पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे तर नेहमीसारखेच बसलेत. स्टँडच्या बाकावर ते वर्षानुवर्षं असेच बसायचे, कशाची तरी वाट बघत.

मी मुरुमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. मूळचा भूमचा. नवीन बदली होऊन आलो तेव्हा गावात खोल्या पुष्कळ होत्या, पण माझं आडनाव ऐकलं की त्या लगेच भरायच्या. आम्ही छप्पन्नच्या पुढं बौद्ध झालो होतो, पण खोल्यांच्या मालकांपर्यंत ती बातमी पोचली नसावी. शेवटी वीरप्पांनी त्यांच्या दुकानामागची खोली दिली. त्यांची आई चन्नम्मा कुरकुरली असणार, पण ती कानडीत कुरकुरली, त्यामुळे मला त्रास झाला नाही.

तो बहात्तरचा दुष्काळ होता. वीरप्पा त्याच वर्षी हैदराबादहून परत आले होते. थोरला भाऊ अचानक वारला, दुकान बेवारशी झालं आणि आई गाव सोडायला तयार होईना. दुकान सरकीच्या पेंडीचं, आणि गावातली जनावरं छावणीत गेलेली. गिऱ्हाईक नावाला नाही. मग ते दुकानाला कडी लावून समोर स्टँडच्या बाकावर येऊन बसायचे. माझ्या खिडकीतून ते बरोबर समोर दिसत. एक दिवस मी पाहिलं, तर हातात कसलंसं जाड, लांबट कार्ड घेऊन त्याचा पंखा केला होता. कार्डाला भोकंच भोकं.

"हे कुठल्या रूटचं तिकीट म्हणायचं, अण्णा?" मी विचारलं. आमचे कंडक्टर तिकिटाला भोक पाडतात, पण एवढी भोकं पाडणारा कंडक्टर मी पाहिला नव्हता.

"फोर्ट्रानचं," ते म्हणाले.

"कर्नाटकात आलं का हे?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि समजावून सांगितलं. हैदराबादच्या ज्या कचेरीत ते होते तिथं खोलीएवढं यंत्र होतं. त्याला गणितं घालायची तर त्याच्या भाषेत घालावी लागत. फोर्ट्रान ही त्यातली एक भाषा. एकेका कार्डावर भोकं पाडून एकेक ओळ लिहायची, गठ्ठा यंत्राकडं द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर न्यायला यायचं.

"म्हणजे आमच्या विभागीय कार्यालयासारखंच," मी म्हणालो.

"छे, छे. ते उत्तर देतं."

इथून आमची ओळख वाढली.

हैदराबादला त्यांचे चार-पाच दोस्त होते, सगळे त्याच कचेरीतले. रविवारी ते आबिड्सच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं धुंडाळायचे. स्वस्त, फाटकी, आणि प्रत्येकाच्या कव्हरावर लाल डोळ्यांचा लोखंडी राक्षस माणसं चिरडत निघालेला. उद्याच्या जगात यंत्रं माणसांवर उलटणार, अशी त्यातली कथा. आणि हे दोस्त पोट धरून हसायचे. कारण दिवसभर त्या यंत्रापुढं बसून ते किती बावळट असतं हे त्यांनाच माहीत होतं. मग डबा खाताना खेळ चालायचा. हा राक्षस कुठल्या भाषेत बनवला असेल, आणि त्या भाषेपायी त्याची फजिती कशी होईल, ते प्रत्येकानं सांगायचं.

मुरुममध्ये हा खेळ कोणाशी खेळणार? बाकावर वीरप्पांच्या शेजारी असायच्या त्या खडी फोडून आलेल्या बायका. दुष्काळी कामावरून परत निघालेल्या, तोंडावर धूळ, हाताला फोड, आणि गाडी उशिरा. गाडी उशिरा असली की शिव्या मला पडायच्या. एकदा कडूबाई नावाची बाई माझ्या खिडकीपाशी येऊन असं काही बोलली की मी माइक बंद केला. तिला शांत करायला म्हणून वीरप्पा म्हणाले, "कडूबाई, बसा. एक गोष्ट सांगतो."

त्यांनी कोबॉलच्या राक्षसाची गोष्ट सांगितली. कोबॉल ही दुसरी भाषा, हिशेबाच्या कामाची. त्या भाषेत कामाला हात घालण्याआधी सगळी ओळख द्यावी लागते. मी कोण, मला लिहिणारा कोण, कुठल्या यंत्रावर चालणार, कायकाय वापरणार, ते कुठं ठेवणार. तर हा राक्षस मुरुमला येतो, माणसं मारायला. स्टँडच्या मधोमध उभा राहतो आणि लग्नपत्रिका वाचावी तसं सुरू करतो. कुलदैवत झालं, आजोबा-पणजोबा झाले, मामा झाले, आमचे येथे अमुक अमुक कृपेकरून. लोक आधी घाबरतात. मग बसतात. मग एकेकाला बाजाराची आठवण होते. लोखंडी बाबा मुहूर्तापर्यंत येतो तोवर बाजार उठलेला असतो, उमरग्याची गाडीसुद्धा निघून गेलेली असते, आणि मारायला समोर फक्त कंट्रोलर उरतो.

"मग मारलं का कंट्रोलरला?" कडूबाईनं आशेनं विचारलं.

"न्हाय. तो म्हणाला, चौकशीची खिडकी पलीकडं हाय."

दगड फोडून आलेल्या बायका हसल्या. इतक्या हसल्या, की त्यातल्या एकीला खोकला आला आणि मी माझ्या माठातलं पाणी दिलं. राक्षसाचं नाव कडूबाईनंच ठेवलं, लोखंड्या. तेव्हापासून लोखंड्या मुरुमला येतच राहिला. कधी त्याच्या कार्डांचा गठ्ठा गाडीत चढताना सांडायचा आणि क्रम चुकल्यामुळं तो आधी निरोप घ्यायचा, मग रस्ता विचारायचा. कधी त्याला गावात यायला सांगायचे आणि थांब म्हणायचं विसरायचे, मग तो अक्कलकोटपर्यंत चालत जायचा. दुष्काळ सरला, जनावरं परत आली, पेंड विकायला लागली, पण गाडीची वाट बघणारी माणसं होती तशीच होती. गोष्टी चालू राहिल्या.

सगळ्यांत आवडती गोष्ट अर्ध्याची. लोखंड्याचा मालक त्याला सांगतो, जा, मुरुममधली अर्धी माणसं मारून ये. सगळी नको, पेंड घ्यायला कोणीतरी पाहिजे. हा लोखंड्या फोर्ट्रानचा. फोर्ट्रानमध्ये पूर्ण अंकाला पूर्ण अंकानं भागलं की उत्तरसुद्धा पूर्णच लागतं. वर जो तुकडा उरेल तो ती भाषा फेकून देते. लोखंड्या वेशीत उभा राहून हिशेब करतो. अर्धा म्हणजे एक भागिले दोन. पूर्ण अंकात त्याचं उत्तर शून्य. मग तो मोठ्या इमानानं शून्य माणसं मारतो, हात झटकतो आणि मालकाला जाऊन सांगतो, काम फत्ते.

लोखंड्यानं हात झटकले की स्टँड हसायचं. पण मी खिडकीतून रोज बघणारा माणूस, माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. वीरप्पा त्याच्या आधी थांबायचे. "एक भागिले दोन, शून्य" एवढं म्हणायचे आणि क्षणभर गप्प. डोळे लोकांवरून फिरायचे. कोणी हसायचं नाही. मग ते पुढं जायचे, लोखंड्या हात झटकायचा, आणि हशा पिकायचा. हैदराबादला त्या जागी दोस्त टेबलावर हात आपटायचे, असं त्यांनी मला पुढं सांगितलं. इथं लोक राक्षसाला हसत होते आणि ते भाषेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही हसू सारखंच. पण एवढ्या हसणाऱ्या माणसांत तो माणूस एकटा होता, आणि मला ते बघवायचं नाही.

हैदराबादच्या दोस्तांची पत्रं सुरुवातीला यायची, मग थांबली. चन्नम्मा गेल्यावर घरातली कानडीही थांबली. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायचे, आता कोण करून देतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते खडूनं पत्र्याच्या दारावर त्या भाषेतल्या ओळी लिहायचे आणि पुसायचे. मी एकदा विचारलं, काय लिहिता? म्हणाले, विसरू नये म्हणून. पोपटाला बोलायला शिकवलं आणि पोपट मेला, तर माणूस काय करेल? तसलंच ते काहीतरी होतं.

शहाऐंशीच्या सुमाराला सगळीकडं कंप्युटरची हवा सुटली. आमच्याकडं शेतकऱ्यांची सहकारी तेलगिरणी होती, करडई आणि शेंगदाण्याची. चेअरमन नानासाहेब. नवीन काही निघालं की ते आपल्या गिरणीत आधी पाहिजे, हा त्यांचा खाक्या. त्यांनी ठरवलं, काट्यावर आलेल्या मालाची नोंद कंप्युटर करणार. आणि तालुक्यात त्यातलं कळणारा माणूस एकच. नानासाहेब जीपमधून उतरून पेंडीच्या दुकानात आले आणि म्हणाले, "वीरप्पा, यंत्र आणायचं काम माजं, बोलायचं काम तुमचं."

त्या दिवसापासून वीरप्पा बाकावर टेकेनात. गिरणीत एक खोली मिळाली, ती त्यांनी उभं राहून पांढरी करून घेतली. खिडकीला जाळी लावली, धूळ चालत नाही म्हणून. दाढी रोज व्हायला लागली. माझ्या खोलीत येऊन ते मला एकेक सांगायचे आणि मी स्टोव्हवर चहा ठेवून ऐकायचो.

"यंत्र आलं की पयल्यांदा काय विचारणार, अण्णा?" मी म्हटलं. "गिरणीचा नफा?"

ते लाजले. पन्नाशीकडं आलेला माणूस लाजला.

"एक भागिले दोन विचारणार," ते म्हणाले. "ते शून्य म्हणतंय का बघायचंय. कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय एकदा. लई वर्षं झाली."

तेव्हा मला त्या थांबण्याचा खरा अर्थ लागला.

ठराव वार्षिक सभेत यायचा होता. गिरणीच्या सभेची रीत अशी, की आवारात मांडव, एका बाजूला स्टेज, दुसऱ्या बाजूला आचारी. नानासाहेबांनी विषय वाचायचा, पुढच्या रांगेनं "मंजूर, मंजूर" म्हणायचं आणि मागच्या रांगांनी पातेल्यांकडं लक्ष ठेवायचं. त्या सभेत नामंजूर हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. मी सुट्टी काढून गेलो होतो. वीरप्पा धुतलेल्या धोतरात, कपाळावर विभूती, पुढून दुसऱ्या रांगेत.

नानासाहेबांनी ठराव वाचला. पुढची रांग तोंड उघडणार, एवढ्यात मागून कडूबाई उठली. ती आता गिरणीत चाळणीवर कामाला होती, शिवाय बटईनं रान करायची. निम्मा माल मालकाचा, निम्मा तिचा. गिरणीची सभासदही होती.

"नानासाहेब, ह्यो कंप्युटर मंजी अण्णाचा लोखंड्याच का?"

मांडव हसला. नानासाहेबही खुशीत. "त्याचाच धाकटा भाऊ म्हना की, कडूबाई."

"मग नगं," कडूबाई म्हणाली. ती हसत नव्हती. "त्येला अर्धं कळत न्हाय. म्या कितींदा ऐकलंय. एकाचं अर्धं केलं की त्यो शून्य म्हनतो. आमी बटईवाले. माजं अर्धं पोतं काट्यावर आलं तर त्यो कागदावर काय लिवंल? सालभर राबायचं आन् वाट्याला शून्य?"

 आचाऱ्यानंसुद्धा झारा थांबवला. तिथं बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बटईवालेच होते.

वीरप्पा उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चौदा वर्षं ज्या जागी ते थांबत आले होते, ती जागा कोणीतरी ऐकली होती. आनंदही होता त्या चेहऱ्यावर आणि धडकीही.

"कडूबाई, तसं होत न्हाय," ते म्हणाले. "ते सांगायच्या रीतीवर हाय. दोनाच्या पुढं नुसतं एक टिंब दिलं, की त्येला अर्धं बी बरोबर कळतंय. एवढं एक टिंब."

झालं. सगळा मांडव हसून फुटला. टिंबाला घाबरणारा लोखंड्या! लोकांना वाटलं, अण्णांनी नवीन गोष्ट सुरू केली. मागून कोणीतरी म्हणालं, "अण्णा, जेवनानंतर सांगा, निवांत."

"गोष्ट न्हाय ही. खरं सांगतोय."

हशा आणखी वाढला. ते खरं सांगतोय म्हणाले तेच लोकांना सगळ्यांत विनोदी वाटलं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण आवाज पोचेना. चाळणीवरच्या बायकांनी हात वर करून "नामंजूर" म्हटलं, मग बटईवाल्यांनी म्हटलं, मग पुढच्या रांगेनंही सवयीनं जे ऐकू आलं तेच म्हटलं. नानासाहेबांनी नाडी ओळखून "पुढच्या साली बघू" म्हणून कागद उलटला. पंगती बसल्या. वीरप्पा जेवायला थांबले नाहीत.

पुढच्या साली कोणी बघितलं नाही. पांढऱ्या केलेल्या खोलीत रिकामे डबे ठेवले गेले, जाळी मात्र राहिली. वीरप्पा दुकान उघडायचे, पेंड मोजायचे, दुकान बंद करायचे. बाकावर येईनात. दारावरच्या खडूच्या ओळीही बंद झाल्या. मी खोलीत चहाला बोलवायचो तर म्हणायचे, नको, पित्त होतंय. मला नानासाहेबांचा राग आला, कडूबाईचा आला, त्या पुढच्या रांगेचा तर फारच आला. पण कोणावर ओरडावं असं एकही माणूस सापडेना. सगळे आपापल्या परीनं बरोबर होते आणि एका माणसाचं सगळं गेलं होतं.

पावसानं त्या साली पुन्हा ओढ दिली. पुन्हा कामं निघाली, पुन्हा स्टँडवर धुळीनं माखलेल्या बायका. एका दुपारी कडूबाई थेट दुकानाच्या पायरीपाशी गेली. मी खिडकीतून ऐकत होतो.

"अण्णा, रुसलाव व्हय माज्यावर? म्या तुमचंच बोलले की. पदरचं काय बी न्हाय घातलं."

वीरप्पांनी पेंडीचं माप खाली ठेवलं. मग म्हणाले, "व्हय. तुमीच तेवढं नीट ऐकलंत."

"मग चला. बायका बसल्यात. गाडीचा ह्या कंट्रोलरला बी पत्ता न्हाय."

गाडी उभी होती. ड्रायव्हर टपरीवर होता, एवढंच. पण मी गप्प बसलो. वीरप्पा उठले, कडी लावली आणि बाकावर येऊन बसले. आवाज जरा बसला होता. बायकांनी अर्ध्याची गोष्ट मागितली. मी माइक बंद करून बाहेर आलो.

मालकानं हुकूम दिला. लोखंड्या निघाला. वेशीत येऊन उभा राहिला.

"आन् त्यानं हिशेब केला," वीरप्पा म्हणाले. "एक भागिले दोन. शून्य."

आणि थांबले. सवयीनं थांबले. या खेपेला डोळे कोणाला शोधत नव्हते, खाली जमिनीवर होते.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, गुडघ्यावर हात मारून. बायका वळून बघायला लागल्या, कारण हसायची जागा अजून यायची होती.

वीरप्पांनी मान वर केली. "कळलं तुमाला?"

"न्हाय," मी म्हणालो. हिशेब मला कळत होता. त्यात हसायचं काय, ते आजही कळलेलं नाही.

"मग हसलात कशाला?"

"तुमी थांबलात म्हणून."

ते माझ्याकडं बघत राहिले. 

"हैदराबादला बी निम्मे असंच हसायचे," शेवटी ते म्हणाले. "कळायचं न्हाय त्यांना. पर हसायचे."

"निम्मे मंजी शून्यच की," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणालो.

 वीरप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. बाकावर थाप मारून, तोंडातून आवाज न काढता, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. उपरण्यानं डोळे पुसले आणि माझा हात धरून म्हणाले, "परत एकदा म्हणा."

"काय?"

"किती म्हणालात ते."

"शून्य," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग कडूबाईनं, लोखंड्याचं पुढं काय झालं, असं विचारलं, आणि ते सांगू लागले. ड्रायव्हर टपरीवरून येऊन गाडीत बसला होता, हॉर्न वाजवत होता. उमरग्याची गाडी त्या दिवशी बरीच उशिरा सुटली. मी माइकवर कारण सांगितलं नाही.